अक्काची सुई

गावाला निघणाऱ्या माणसानं सोबत काय घ्यावं आणि वाटेत काय टाळावं, याचे आमच्या मायचे कायदे होते. निजाम गेला, दिल्लीचं राज्य आलं, पण मायचे कायदे होते तसेच राहिले. दोन कोसांवरच्या वालूरच्या बाजाराला कुणी निघालं तरी पदराला नाहीतर खिशात कांदा पाहिजे, ऊन लागू नये म्हणून. शिदोरीत धपाटे, कारण ते तीन दिवस टिकतात. भाकरी नको, तिला बुरा येतो. बाजारातली चिरलेली काकडी खायची नाही, गोडीशेव उघड्यावरची असेल तर बघायचीसुद्धा नाही, चिंचेच्या झाडाखाली झोपायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा कायदा पाण्याचा. आमच्याकडं एक फिरकीचा तांब्या होता, पितळेचा, झाकण फिरवून घट्ट बसणारा. त्यात आमच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी भरायचं. वाटेत दुसरीकडचं पाणी प्यायची वेळ आली तर त्यात आधी घरचं घोटभर पाणी ओतायचं आणि मग प्यायचं. म्हणजे परकं पाणी लागत नाही, पोट बिघडत नाही. तांब्यातला शेवटचा घोट कधीच प्यायचा नाही, तो मिसळायला ठेवायचा. माय हे इतक्या खात्रीनं सांगायची की मी लग्न होऊन आल्यावरही कितीतरी वर्षं तसंच करत होते. त्यानं काही होत नाही हे माहीत असून करत होते.

हे सगळं आता लिहायला बसले त्याला कारण माझी नात. तिला शिकायला परदेशी जायचंय, आणि तिकडं जाताना कसली तरी सुई टोचून घेतल्याचा दाखला लागतो. परवा जेवताना ती सहज म्हणाली, आजी, ओळखीचा माणूस आहे, नुसता शिक्का मारून देतो, टोचून घ्यायचीपण गरज नाही. माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी तिला म्हणाले, उद्या सकाळी मी तुझ्यासोबत येते, माझ्या डोळ्यांदेखत सुई घ्यायची. ती हसली, मुलगा हसला, सूनबाई म्हणाली आईंना एवढ्याशा गोष्टीचा राग येतो. राग नव्हता. काय होतं ते मलाही नीट सांगता येत नाही. मी गेले तिच्यासोबत, तिच्या दंडात सुई गेलेली बघितली, आणि मगच घरी आले. त्या रात्री उशिरापर्यंत जाग होती असं लिहायला छान वाटलं असतं, पण तसं काही झालं नाही. मला लगेच झोप लागली.

तर अक्का. माझी थोरली बहीण गोदावरी, झरीला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती आणि तिला मुलगा झाला होता. तीन महिन्यांचं ते लेकरू झोळीत असायचं, आणि झोळीची दोरी वाशाला घासून कर्र कर्र वाजायची. तो आवाज आला की घरात सगळं ठीक आहे असं समजायचं. त्या तीन महिन्यांत आमच्या घरात प्रत्येक गोष्ट दुधावर मोजली जायची. अक्कानं शेपूची भाजी खायची, दूध येतं. गार पाणी प्यायचं नाही, दूध गार होतं. रडायचं नाही, दूध आटतं. चुलीपुढं जास्त बसायचं नाही, दूध तापतं. अक्का शेंगदाण्याची झणझणीत चटणी चोरून खायची आणि मला डोळ्यांनी गप्प बस म्हणायची. ती अठराची असेल, मी तेराची. पण उंचीनं मी तिच्या खांद्याच्या वर गेले होते. गावातल्या बाया म्हणायच्या, थोरली कोणती आन् धाकटी कोणती, कळंना झालंय. मला ते ऐकायला फार आवडायचं.

त्या उन्हाळ्यात आजूबाजूच्या गावांतून पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, बातम्या येऊ लागल्या. माय त्या रोगाचं नाव घ्यायची नाही, नुसतं ‘ते’ म्हणायची. ‘ते’ अमक्या गावात आलं, तमक्या गावात दोन माणसं घेऊन गेलं. मग एक दिवस सुईवाले आमच्या गावात आले. पारावर स्टोव्ह पेटवला, भांड्यात सुया उकळल्या, विहिरींत लाल दवा टाकली. दादांनी, म्हणजे आमच्या वडलांनी सुई घेतली, मायनं घेतली, मला घ्यायला लावली. डावा दंड सुजला आणि एक दिवस अंगात कणकण राहिली. अक्काला मात्र मायनं लेकरासकट धान्याच्या खोलीत बसवलं आणि दारात येऊन विचारणाऱ्या माणसाला सांगितलं की आमच्या घरात आता कुणी राहिलं नाही. सुईनं ताप येतो, आणि अंगावर पिणाऱ्या लेकराच्या आईचा ताप दुधात उतरतो, हे मायला पक्कं ठाऊक होतं. तिला ते तिच्या मायनं सांगितलं होतं का, कुणास ठाऊक. तिच्या मायच्या काळात सुई नव्हती.

पुढच्या आठवड्यात झरीहून निरोप आला. मृग जवळ आला होता, एकदा पाऊस पडला की काळ्या रानातून गाडी निघत नाही, तेव्हा सूनबाईला आता पाठवा. पण झरीच्या लोकांनी ठरवलं होतं की बाहेरगावचं माणूस सुईच्या कागदाशिवाय वेशीच्या आत घ्यायचं नाही. त्यामुळं गोदावरीचा कागद सोबत पाहिजे. दादांनी निरोप सांगितला. अक्का झोळीला झोका देत होती. माझ्याकडं बोट करून ती म्हणाली, “मी घेते की सुई. सुंदरीनं घेतली, काय झालं तिला?”

“ताप आला न्हाई का तिला?” माय म्हणाली. “तिचा ताप तिच्यापाशी ऱ्हायला. तुजा ताप ह्येच्या तोंडात जाईल.”

अक्कानं झोळीला पुन्हा झोका दिला. लेकराच्या तोंडाचं नाव निघालं की ती बोलायची नाही. आणि तेव्हा मी बोलले. ही युक्ती मायची नव्हती, दादांची नव्हती, माझी होती. मी म्हणाले, वालूरच्या बाजारात मला कोण ओळखतं, मी जाते अक्का होऊन, मी घेते तिची सुई, आपल्याला काय, कागद पाहिजे. मी गंमत म्हणून म्हणाले. माय माझ्याकडं बघत राहिली, मग दादांकडं बघितलं. दादा चिलीम झटकत म्हणाले, जमंल तसं.

बाजाराच्या दिवशी मायनं मला अक्काचं हिरवं लुगडं नेसवलं. अक्कानं स्वतःच्या हातातल्या बांगड्या काढून माझ्या हातात चढवल्या, गळ्यातली पोत माझ्या गळ्यात घातली. बायका गळ्यातलं काढत नसतात, तरी काढलं, आणि तेवढ्यापुरता मायनं तिच्या गळ्यात हळदीचा दोरा बांधला. अक्का मला बघून इतकी हसली की लेकरू दचकून रडायला लागलं. खरं सांगायचं तर मला तेव्हा भीती नव्हती, दया नव्हती, काही नव्हतं. मला लुगडं नेसायला मिळालं होतं. गाडीत बसल्यावर मी पदर डोक्यावरून घेतला आणि वालूर येईपर्यंत बायका कशा बसतात तशी बसून राहिले. दादांनी गाडी बाजाराच्या अलीकडंच सोडली. ते म्हणाले, मी हितंच थांबतो, मला तिथं लोक ओळखतात.

चावडीपुढं कनात लावली होती आणि बायकांची वेगळी रांग होती. सुई देणारा तरुण होता, तो तोंडाकडं न बघता नुसता दंड बघायचा. मी उजवा दंड पुढं केला. कळ आली आणि गेली. पुढं एका टेबलाशी कागद लिहून देत होते. तिथं एक म्हातारे कंपाउंडर बसले होते, पांढरी दाढी, नाकावर चष्मा. बायका त्यांना चाचा म्हणत होत्या. ते प्रत्येकीला नाव विचारायचे, मग नवऱ्याचं नाव विचारायचे, आणि तिथं रांग अडायची, कारण नवऱ्याचं नाव कोण घेणार. माझ्या पुढच्या बाईनं तोंडाला पदर लावून सांगितलं, ज्येनं करंगळीवर डोंगर उचलला त्येचं. चाचांनी न हसता किसन लिहिलं. तिच्या आधीच्या बाईनं सोबतच्या पोरीला पुढं केलं होतं, पोरीनं बापाचं नाव सांगितलं. मी हे सगळं बघत होते. तरी माझा नंबर आला, चाचांनी विचारलं, आणि मी शाळेत पाढे म्हणतात तसं खणखणीत सांगितलं, “गोदावरी. नवऱ्याचं नाव माणिक गणपत.”

चाचांचा टाक थांबला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मग हळू आवाजात, मागच्या बाईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू ते म्हणाले, “बेटी, मरद का नाम ऐसा फट्‌से लेते क्या?”

मी खाली मान घातली. त्यांनी विचारलं, ही गोदावरी कोण. मी म्हणाले, बहीण. ती का नाही आली? मी म्हणाले, तिच्या अंगावर लेकरू पितं. चाचांनी टाक खाली ठेवला. मग ते आमच्या मराठीत बोलले, तुटक, पण एकेक शब्द नीट.

“ऐक. दूध पाजणाऱ्या बाईला सुई चलती. दुधाला काय होत न्हाई. कागद मी लिहून देतो, पण कागदानं माणूस वाचत न्हाई. दिवस मावळंपर्यंत मी हितंच हाय. जा, बहिणीला घेऊन ये.”

त्यांनी कागद लिहिला, फुंकर मारून वाळवला आणि मला दिला. मी तो चोळीत खोवला आणि दादांकडं गेले. दिवस अजून डोक्यावर होता. बैल जुंपून घरी जाऊन अक्काला घेऊन परत यायला सहज वेळ होता. दादांनी विचारलं, मिळाला का? मी म्हणाले, मिळाला.

एवढंच म्हणाले. का एवढंच म्हणाले, याचा मी पुढं खूप विचार केला आहे, आणि दरवेळी उत्तर तेच आलं आहे. सांगितलं असतं तर मी पकडली गेले हे सांगावं लागलं असतं. कशी पकडली गेले, हे सांगावं लागलं असतं. दाजींचं नाव मी भर बाजारात मोठ्यानं घेतलं हे कळलं असतं तर दादा, माय, अक्का, सगळी हसली असती, आणि वर्षभर मला चिडवलं असतं. माझं बाईपण पहिल्याच दिवशी फसलं होतं, त्याची मला लाज वाटली. दुसरं काही कारण नाही. कुणाला वाटेल याच्या मागं काहीतरी मोठं असेल. नाही.

घरी पोचेपर्यंत मला थंडी वाजून आली. दहा दिवसांत दोन सुया झाल्या होत्या, ताप चढला तो दोन दिवस उतरला नाही. मी बडबडत होते म्हणे. माय माझ्या कपाळावर पट्टी ठेवत अक्काला म्हणाली, बघितलंस? हे तुज्या दुधात गेलं असतं. दादांनीही मान हलवली. माझ्या तापानं सगळ्यांची खात्री पटली.

ताप उतरल्यावर चार दिवसांनी आम्ही निघालो. मी पाठराखीण म्हणून अक्कासोबत जाणार होते, महिनाभर राहणार होते. मायनं आदल्या दिवशी धपाटे केले, तिळाची चटणी कुटली, सुंठ आणि हिंगाची पुरचुंडी बांधली. प्रत्येकाला कांदा दिला, लेकराच्या दुपट्यातसुद्धा एक बांधला. तांब्या भरला, फिरकी घट्ट केली, आणि अक्काला बजावलं की शेवटचा घोट राखून ठेव. कागद तीन होते, दादांचा, माझा आणि अक्काचा, ते एका डबीत घालून डबी दादांच्या बंडीत ठेवली. एवढी तयारी करून आमच्या घरातून कधी कुणी निघालं नव्हतं. माय वेशीपर्यंत आली आणि चाकाला हात लावून परत फिरली.

झरी लांब होती. उजाडायच्या आत निघालो होतो, पण ऊन लवकर चढलं. बैलांच्या घुंगरांचा आवाज, चाकाचा कुरकुर आवाज, मध्येच लेकराचं चुटूचुटू पिणं, बाकी सगळं रान गप्प. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान फार. अक्का सारखी तांब्याकडं बघायची. डोक्यावर ऊन आलं तेव्हा तांब्यात एक घोट उरला होता. एका ओढ्यात लोकांनी वाळूत झिरा उकरला होता, त्यात नितळ पाणी साचलं होतं. दादांनी लोटा भरला, मायचा घोट त्यात ओतला, आणि आम्ही तिघं आळीपाळीनं प्यालो. गार होतं. अक्का म्हणाली, लय गोड पाणी हाय. ती दोन लोटे प्याली.

झरीच्या वेशीत काठी घेऊन एक माणूस उभा होता आणि बाजेवर एक मास्तर बसले होते. त्यांनी कागद वाचले. गोदावरी माणिक, बरोबर, जाऊ द्या. दादा रात्र राहून, आम्हा दोघींच्या कागदांची डबी अक्काच्या सासूबाईंकडं देऊन परत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी अक्काचं पोट बिघडलं.

यातलं मला फार थोडं लिहायचं आहे. उजाडताना सुरू झालं आणि दोन-अडीच तासांत तिला उठवेना. तिची जाऊ राधाबाई, तीही लेकुरवाळी, तिनं न किळसता सगळं केलं. दाजींनी परभणीला गाडी पिटाळली, डॉक्टर आणायला. सासूबाईंनी कांद्याचा रस पाजला, तो राहिला नाही. अक्काची बोटं भिजलेल्या कपड्यासारखी सुरकुतली होती आणि डोळे आत गेले होते. मी पायाशी बसले होते. तिनं मला एकदाच विचारलं, “सुंदरे, तुला काय व्हायलं न्हाई ना?”

मी म्हणाले, न्हाई.

“बरं हाय,” ती म्हणाली.

दुपारच्या भाकरी व्हायच्या आत ती गेली. डॉक्टरची गाडी तिसऱ्या प्रहरी आली. मला रडू आलं नाही. बायका मला जवळ घेऊन रडायच्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून भिंतीकडं बघत राहायची. उजव्या दंडातली गाठ अजून हाताला लागत होती, ती मी दाबून बघायची. आम्ही एकाच लोट्यानं प्यालो होतो. तिची सुई माझ्या अंगात होती. एवढा एकच विचार होता, तो पुढं सरकत नव्हता आणि जातही नव्हता. दादा-माय आले, मायनं टाहो फोडला, तेही मी भिंतीकडं बघतात तसंच बघितलं. माय सारखी म्हणत होती, मी तर घरचं पाणी दिलं होतं.

पुढं बऱ्याच वर्षांनी परभणीच्या एका डॉक्टरला मी विचारलं, त्या काळात ती सुई घेतली असती तर माणूस वाचलं असतं का. त्यानं सांगितलं, काही वाचायचे, काही नाही, खात्री देता येत नाही, आणि दोन सुया घेतल्यानं दुप्पट जोरही येत नाही. चांगला माणूस होता, मला बरं वाटावं म्हणून बोलला. मला बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही.

दादा-माय सातव्या दिवशी परत गेले. मला लेकरासाठी ठेवलं, कारण ते माझ्या खांद्यावर गप्प राहायचं. दूध राधाबाई पाजायची. स्वतःची मुलगी एका बाजूला आणि अक्काचं पोर दुसऱ्या बाजूला. तोवर गावात एक गोष्ट सगळीकडं पसरली होती. माणिकची बायको सुई घेऊन सुद्धा गेली. कागद होता तिच्याजवळ, मास्तरांनी वेशीत वाचला होता. मग सुईचा उपयोग काय. पाणंदीवर, विहिरीवर, गिरणीत तेच बोलणं. तोवर गावात आणखी दोन घरांत आजार आला होता.

अशात सुईवाले झरीत आले. चावडीपुढं कनात, स्टोव्ह, टेबल. पुरुष थोडे आले. बायका आल्या, पण लांब घोळका करून उभ्या राहिल्या, एकही पुढं होईना. अक्काच्या सासरच्या सगळ्या तिथं होत्या. सासूबाई सगळ्यांच्या पुढं गेल्या आणि डबीतून अक्काचा कागद काढून टेबलावर टाकला. म्हणाल्या, हा बगा तुमचा कागद. घेतलेली गेली माजी सून. आता आमच्या घरातलं कुणी घेणार न्हाई. टेबलामागं तेच चाचा होते. त्यांनी कागद उचलला, आपलंच अक्षर वाचलं. मग मान वर करून बायकांच्या तोंडांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यापाशी येऊन थांबली. मी परकर-पोलक्यात होते, कडेवर अक्काचं लेकरू होतं. त्यांनी मला ओळखलं. ते काही बोलले नाहीत. कागद टेबलावर सरळ करून ठेवला आणि वाट बघत बसले.

ते का बोलले नाहीत याचा मला राग होता, पुष्कळ वर्षं होता. आता नाही. त्यांनी सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, सरकारी माणूस आपली सुई खरी करायला खोटं बोलतोय. बोलणारी मीच होते. आणि बोलले तर काय होईल तेही मला दिसत होतं. आमच्या माणसांनी झरीला फसवलं हे भर गावात उघडं पडणार होतं. मायचं तोंड काळं होणार होतं. अक्काचं लेकरू आम्हाला परत बघायला मिळेल की नाही हे सासूबाईंच्या हातात होतं. माझ्या शेजारी राधाबाई उभी होती. तिच्या चोळीवर दुधाचे दोन डाग होते. तिला काही झालं असतं तर दोन लेकरं उघडी पडली असती.

मी लेकराला डाव्या कडेवर घेतलं आणि उजवी बाही वर सारली. म्हणाले, “अक्कानं सुई घेतली न्हाई. तिच्या नावानं मी घेतली. ही बगा.” मग लेकराला दुसऱ्या कडेवर घेऊन डावी बाही वर केली. “ही माजी. ह्या दोन्ही माज्याच हायेत.”

सासूबाई माझ्या जवळ आल्या, दोन्ही दंडांवरच्या गाठी बोटानं चाचपल्या. मला वाटलं त्या मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “म्हंजी तुज्या मायनं आमाला कागद धाडला.” मग म्हणाल्या, “सकाळी हिची गाडी जुपा. लेकरू हितं ऱ्हाईल.” आणि त्या घराकडं निघून गेल्या.

त्यांनी म्हटलं तसंच झालं. अक्काचा मुलगा झरीत वाढला, राधाबाईला आई म्हणाला. आमच्या घरच्या कुणाला त्याच्या जावळाला बोलावलं नाही, तो मुंजीएवढा झाला तरी नाही. मायनं त्याला पुन्हा बघितलं ते त्याच्या लग्नात, लांबून, जेवणाच्या पंगतीत बसून. तिनं मला कधी बोल लावला नाही. मी झरीत खरं बोलले हे तिला कळलं तेव्हा ती फक्त म्हणाली, बोललीस ते बरं झालं. पण चाचांनी वालूरला मला काय सांगितलं होतं, दिवस मावळेपर्यंत वेळ होता, हे ना मी तिला सांगितलं, ना दादांना. चाचाही झरीत त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. मायनं मरेपर्यंत सगळा दोष स्वतःकडं घेतला आणि मी तो तिला घेऊ दिला. हे आज पहिल्यांदा कागदावर उतरतं आहे. नातीला वाचायला देणार आहे.

पण त्या दिवशी झरीत, सासूबाई निघून गेल्यावर राधाबाई जागची हलली नाही. तिनं आपली मुलगी खाली बसलेल्या एका म्हातारीच्या मांडीवर ठेवली, पदर सावरला, आणि घोळक्यातून एकटी पुढं आली. सुई घेतली. डोळे मिटले होते, ओठ दाताखाली होता. मग टेबलापाशी येऊन उभी राहिली. चाचांनी नाव विचारलं. राधा, ती म्हणाली. त्यांनी नवऱ्याचं नाव विचारलं. राधाबाईनं तोंडाला पदर लावला आणि जमिनीकडं बघत राहिली. चाचा थांबले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“केशव गणपत,” मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं, फुंकर मारली, कागद राधाबाईच्या हातात दिला. तिच्यामागं आणखी एक बाई येऊन उभी राहिली होती, तिच्यामागं दुसरी. त्यांच्या नवऱ्यांची नावं मला ठाऊक नव्हती. पहिली माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, रामाचा धाकटा भाऊ, वनवासात संगं गेला त्यो.

मी सांगितलं, लक्ष्मण. आणि दिवस मावळेपर्यंत लेकराला कडेवर घेऊन तिथंच उभी राहिले.